वंशावळ चालू असताना

शिडीवर बापा उसोप दातांत खिळे धरून उभे होते आणि खाली त्यांचा मुलगा कासान एका हाताने शिडी, दुसऱ्या हाताने बंदूक सांभाळत होता. फलकाचं एक टोक विजेच्या खांबाला बांधून झालं होतं. दुसरं वाऱ्याने सुटून फडफडत होतं, त्यामुळे त्यावरच्या फोटोतलं नसरोदिनचं पुरुषभर उंचीचं डोकं मध्येच दुमडायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं.

"बापा, खाली उतरा," पुतणी नोराइदा म्हणाली. तळ्याकाठी काकाला बापा म्हणतात. तिच्या कडेवरचा मुलगा अमीन त्या हलणाऱ्या चेहऱ्याकडे बघून हात हलवत होता.

"तोंडात खिळे आहेत," काका फटीतून म्हणाले. "भांडायचं असेल तर थांब जरा."

ती थांबली. फलकावर पिवळ्या ढळढळीत अक्षरांत लिहिलं होतं: इंजिनियर नसरोदिन सारिगान, सरकारी परीक्षेत उत्तीर्ण, सारिगान कुळाचा अभिमान. अंगातला कोट फोटोवाल्याचा होता. खरा नसरोदिन रस्त्याच्या कडेला स्लिपर घालून उभा होता आणि लाजून मान खाजवत होता.

"नाक केवढं केलंय बघ ताई," तो म्हणाला. "पोरं बोट घालतील त्यात."

"तुला हसू येतंय?"

"मग काय रडू? पास झालोय ना मी."

मनिलाच्या दक्षिणेला दूर, तळ्याकाठच्या या गावांत पोरगं नर्स झालं, पोरगी वकील झाली, कुणी हजहून आलं, की चौकात फलक लागतोच. तो न लावणं म्हणजे पोरगं नापास झाल्याची कबुली. एरवी नोराइदानेच दोरी धरली असती. आईविना उरलेल्या या भावाला तिने वाढवलं होतं, त्याच्या वह्यांना कव्हरं घातली होती, गणितात तो अडला की स्वतःला येत नसताना शेजारी बसून जागली होती. पण सध्या सारिगान आणि लोमाला या दोन घरांत रिदो, म्हणजे खुनाला खून असं वैर, चालू होता, आणि रिदोत कुणी समोरच्या घरातला गुंड मारत नाही. गुंड मेला तर घराची ब्याद टळते. मारायचा तर सगळ्यात शिकलेला, ज्याच्याकडे बघून आईबाप म्हातारपण काढणार असतात तो.

लोमालांचा हनाफी तसाच होता. रियाधच्या इस्पितळात नर्स होता, लग्नासाठी सुट्टीवर आला होता. त्याचाही फलक लागला होता. कासानने त्याला बास्केटबॉलच्या मैदानात गाठलं. बघ्यांनी सांगितलं, की पहिली गोळी मांडीत बसल्यावर हनाफीने खाली बसून स्वतःच आपली मांडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती, इस्पितळात शिकला होता तशी. कासान जवळ चालत गेला आणि त्याने त्याच्या तोंडावर मॅगझीन रिकामं केलं. सुरुवात कशाने झाली होती, तर एका मोटारसायकलने कुंपण मोडलं होतं. आता पाळी सारिगानांवर यायची होती, आणि त्यांच्यातला सगळ्यात शिकलेला पुरुष कोण, हे बापा उसोप खिळे ठोकून चौकात सांगत होते.

काका खाली उतरले. "हं, बोल."

"हे बघून लोमालांना वाटेल आपण त्यांना खिजवतोय."

"आपण पोराचं कौतुक करतोय."

"ते तुम्हाला माहीत. त्यांना फलक दिसतो, तुमचं मन दिसत नाही."

"आणि आता काढला तर काय दिसेल?" कासान मध्येच म्हणाला. "सारिगान घाबरले, हे दिसेल. मग एकाला मारणारे तिघांना मारतील. तूच सांग, तू शिकवतेस ना हे पोरांना?"

ती शिकवत होती खरी. एका देशाने भिंत बांधली, की शेजाऱ्याला ती भिंत आडोशाची वाटत नाही, तोफा लपवायची जागा वाटते. मग तो तोफा घेतो, आणि पहिला म्हणतो, बघा, भिंत बांधली ते बरंच केलं. फळ्यावर हे काढायला तिला दोन बाण पुरायचे.

"मरताबातचा प्रश्न आहे, पोरी," काका हळू आवाजात म्हणाले. त्यांनी अमीनच्या गालाला बोट लावलं. "इज्जत गेलेल्या घरात हा तरी कशाला मोठा होईल?"

---

टेकडीवरच्या विद्यापीठात नोराइदा आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवायची. खोली तिची आणि डॉक्टर मकारामपातांची एकत्र होती. डॉक्टर निवृत्तीला आलेले, जुन्या मताचे. जगावर कोतवाल नाही, म्हणून प्रत्येक राष्ट्र भिऊन राहतं आणि भिणारा शस्त्र उचलतो. बाकी सगळं भाषण, असं ते म्हणत. अलीकडे या विद्येत नवे लोक आले होते. ते म्हणत, राष्ट्रं ही टेबलावर एकमेकांवर आपटणारे सुटे गोळे नाहीत. आधी नातं असतं, त्या नात्यातून 'आपण' आणि 'ते' घडतात. आणि हा सिद्धांत दरवेळी दूरच्या थंड देशांतूनच का यावा, आपल्या माणसांच्या वहिवाटीतून का येऊ नये? नोराइदा याच मताची होती. तिचा निबंध रिदो मिटवण्याच्या जुन्या रीतीवर होता: दोन्हीकडची वंशावळ तोंडी म्हणत मागे जायचं, समाईक पूर्वज सापडला की त्याचं नाव सगळ्यांसमोर उच्चारायचं. ते नाव उच्चारलं, की दोन घरं एका रक्ताची ठरतात आणि पंच बसेपर्यंत बंदुका खाली ठेवाव्या लागतात.

"परदेशातल्या तपासनिसाने काय लिहिलंय वाचलंस?" डॉक्टरांनी विचारलं. "म्हणे, हे लोकसंस्कृती म्हणून रंजक आहे, सिद्धांत म्हणून नाही."

"तुम्हीच लिहिलं असेल ते."

"मी 'रंजक' हा शब्दसुद्धा दिला नसता." ते हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबले. "फलक बघितला मी येताना."

"काय करू, सर?"

"माझ्या हिशेबाने काढलास तरी गोळी, ठेवलास तरी गोळी. पोराला मनिलाला धाड आज."

"तो म्हणतो, स्वतःच्या मेजवानीतून पळून कसा जाऊ."

"मग मला काही सुचत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "लोक मला कठोर म्हणतात. मी नुसता घाबरलेला माणूस आहे गं. तुझ्याकडे आहे काही?"

तिच्याकडे होतं. तिच्या आजीची नात्यातली एक बहीण लोमालांकडे दिलेली, तिची सून बाबो तारहाता. हनाफीची आई. बाबो म्हणजे मावशी-आत्या जे म्हणाल ते. सगळ्या तळ्याकाठावर तिच्याइतकी वंशावळ कुणाला पाठ नव्हती. आणि रिदोत बाईवर गोळी झाडायची नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नसलं तरी ते मोडणाऱ्याच्या घरी पुढे कुणी मुलगी देत नाही. बाई शत्रूच्या दारात जाऊ शकते. नेहमी बायाच गेल्या होत्या.

तिने घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं. अमीन अंगावर पीत होता, त्याला ठेवून जाता येईना. तिने त्याला झोळीत बांधलं आणि तळ्याकडची जीप पकडली.

---

दार लोमालांच्या धाकट्या मुलाने उघडलं. जमायल, विद्यापीठात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मागच्या वर्षी तो तिच्या तासाला बसला होता.

"मॅम?" तो म्हणाला, आणि हातातली बंदूक त्याने पाठीमागे लपवली, पोरं सिगारेट लपवतात तशी.

"आई आहे?"

बाबो तारहाता जमिनीवर चटईवर बसल्या होत्या. अंगाभोवती गुंडाळायचं मालोंग वस्त्र छातीपर्यंत ओढलेलं, केस पांढरे, डोळे कोरडे. त्यांनी नोराइदाला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. झोळीकडे बोट केलं.

"दूध तुटलं नाही का अजून?"

"नाही, बाबो."

"मग बस. मूल उभ्याने पाजू नये."

ती बसली. खोलीत अमीनच्या घुटक्यांचा आवाज होता. भिंतीवर हनाफीचा फोटो होता, पांढऱ्या गणवेशातला.

"भावासाठी आलीस," बाबो म्हणाल्या.

"हो."

"चौकात टांगलाय त्याला. आमच्या दारावरून जाणारा प्रत्येक जण सांगतो."

"बापांनी कौतुकाने लावला. तुम्हाला खिजवायला नाही लावला, अल्लाशपथ."

"माझ्या हनाफीचाही कौतुकानेच लावला होता. तुमच्या कासानला त्यावरून तोंड ओळखता आलं. पुरायला आणलं तेव्हा मला ओळखता येईना. कानाखालच्या तिळावरून ओळखलं मी."

 नोराइदाने अमीनला दुसरीकडे घेतलं. मग खाली मान घालून म्हणाली, "वंशावळ म्हणा, बाबो. मी ऐकायला आलेय."

दारातला जमायल चमकून आईकडे बघू लागला. वंशावळ म्हणा, असं शत्रूच्या घरच्या बाईने म्हटलं, की नाही म्हणता येत नाही. मध्ये कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही. तुटली तर अपशकून, पहिल्यापासून म्हणावी लागते. नोराइदाने पिशवीतून फोन काढून बंद केला आणि उपडा ठेवला.

बाबोंनी डोळे मिटले आणि सुरू केलं. अमका अमकीचा, ती तमक्याची, तो तळ्याच्या उगवतीकडून आला, त्याने हिच्याशी लग्न केलं. आवाज चढत नव्हता, पडत नव्हता. नोराइदाने या रीतीवर पानंच्या पानं लिहिली होती, पण असं समोर बसून, मांडीवर मूल झोपलेलं असताना, ती प्रथमच ऐकत होती. तिला वाटलं, सगळे मेलेले एकामागून एक खोलीत येऊन भिंतीला टेकून बसतायत. तिच्या आजीचं नाव आलं. आजीच्या आईचं आलं. दोन धागे जवळ जवळ येत चालले. आता एकच पिढी.

बाबो थांबल्या. डोळे उघडले. म्हणणाराच थांबला तर ते तुटणं नव्हे.

"तू शिकलेली आहेस," त्या म्हणाल्या. "तुला वाटतं, नातं आहे हे कळलं की माणूस मारायचा थांबतो. अगं, परक्याने मारलं असतं हनाफीला, तर मी पोलिसात गेले असते. रडून मोकळी झाले असते. आपल्या रक्ताने मारलं, म्हणून तर झोप येत नाही मला. नातं नसतं तर रिदो कशाला झाला असता?"

  "तरी ते नाव घ्या, बाबो," नोराइदा म्हणाली. "मला माझा भाऊ हवाय."

बाबोंनी झोपलेल्या अमीनकडे पाहिलं. त्यांचा हात उठला, त्याच्या टाळूवर टेकला. पुन्हा डोळे मिटले आणि पुढचं नाव घ्यायला त्यांनी श्वास घेतला.

खिडकीची काच फुटली.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बापा उसोपना फोन केला होता. तुमची नोराइदा पोरासकट लोमालांच्या घरात आहे, म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि ते खरं होतं. बापांनी तिला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. फलक लागला त्याच दिवशी सारिगानांची लेक शत्रूच्या घरात आणि फोन बंद, याचा तळ्याकाठी एकच अर्थ होतो: धरून नेली. मेजवानीसाठी जमलेले पुरुष तसेच गाड्यांत बसले. नसरोदिनच्या हातात त्याआधी कधी बंदूक आली नव्हती. पण बहीण त्याची होती. फाटकाशी पोचताच त्यांना दारात बंदूक घेतलेला जमायल दिसला, आणि कुणीतरी पहिली गोळी झाडली.

गोळ्या भिंतीच्या फळ्यांतून आरपार येऊ लागल्या. लाकडाचे तुकडे उडून तिच्या कपाळात घुसले. ती अमीनवर पडली, आणि तिच्यावर बाबो तारहाता पडल्या, सगळ्या वजनानिशी, मालोंगचा पदर पोराच्या डोक्याखाली कोंबत. अमीन किंचाळत होता, पण त्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं, फक्त त्याचं उघडं तोंड दिसत होतं. हनाफीचा फोटो खाली आला. आतल्या खोलीतून जमायलचे चुलते धावले. त्यातला एक उंबऱ्यातच बसला आणि पोट धरून आश्चर्याने इकडेतिकडे बघू लागला.

"मी इथे आहे, मी ठीक आहे," नोराइदा ओरडत होती. "बापा, मी ठीक आहे."

बाहेरून कुणीतरी "ताई" म्हणून हाक मारली. तो आवाज तिला हजारांत ओळखू आला असता. तिने मान वर केली. फाटकातून नसरोदिन आत धावत येत होता, मेजवानीच्या नव्या सदऱ्यात, बंदूक फावड्यासारखी धरलेली. आणि खिडकीशी जमायल होता.  त्याने डोळे घट्ट मिटले आणि चाप ओढला.

नसरोदिन पायरीपर्यंत आला. पहिल्या पायरीवर त्याने हात टेकला, जणू चप्पल काढायला वाकलाय, आणि तिथेच आडवा झाला. ती सरपटत त्याच्याजवळ पोचली तेव्हा त्याच्या मानेतून रक्त उसळत होतं. तिने दोन्ही तळवे दाबून धरले. ते बोटांमधून येतच राहिलं, गरम, थांबायचं नाव नाही.

"नेलं नव्हतं मला," ती त्याच्या कानात म्हणाली. "मी आपणहून आले होते रे." त्याला ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. त्याचे डोळे तिच्याकडे होते आणि तिच्याकडेच राहिले.

बाबोंच्या तोंडून जे नाव निघायचं होतं ते निघालं नाही. पुढेही त्यांनी ते घेतलं नाही. तुटलेली वंशावळ ज्या घरात रक्त सांडलं तिथे पुन्हा म्हणत नाहीत.

---

दफन त्याच संध्याकाळी झालं. बापा उसोप तिच्यासमोर येऊन बसले. त्यांच्या हातावर कबरीची माती तशीच होती.

"फोन का बंद ठेवलास?"

"वंशावळ चालू होती."

त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं. ते तिला ओरडले नाहीत, तीही त्यांना फलकाचं काही म्हणाली नाही. मग ते म्हणाले, "गोळी कुणाची होती? तू आत होतीस. तुला दिसलं असेल."

कासान दारात उभा होता, ऐकत.

"धूर होता, बापा."

"आयदा," त्यांनी तिचं लहानपणचं नाव घेतलं.

"धूर होता म्हटलं ना."

"राहू दे," कासान म्हणाला. "कुणाची का असेना. त्यांच्यात आता शिकणारा एकच उरलाय."

विद्यापीठात डॉक्टर मकारामपातांनी तिच्यासाठी कॉफी करून ठेवली होती. परदेशातून पुन्हा पत्र आलं होतं, निबंधात एक मुद्दा स्पष्ट करा म्हणून: नात्यामुळे हिंसा कमी होते, असं लेखिकेचं म्हणणं आहे का? तिने ते त्यांच्यासमोर सरकवलं.

"तुमचंच खरं झालं, सर."

"माझं कसलं खरं?" ते रागावून म्हणाले. "माझ्या सिद्धांतात ते पोरगं बहिणीसाठी धावत येत नाही. तुझ्यात येतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्या दोघांचाही सिद्धांत सांगू नकोस कुणाला. कॉफी पी."

ती प्यायली नाही. खिडकीतून तिला खाली विद्यापीठाचं फाटक दिसत होतं, जीप थांबते ती जागा. कासानची पांढरी गाडी तिथे उभी होती. कालही होती.

तिने अमीनला उचललं आणि ती टेकडी उतरून गेली. जीप आली. उतरणाऱ्यांत जमायल शेवटी होता, खांदे पाडलेला. तिला बघून तो जागच्या जागी थिजला. त्याला वाटलं असावं, ही बोट दाखवायला आलीय. पांढऱ्या गाडीची काच अर्धी खाली सरकली.

"मॅम, मी," तो म्हणाला.  "मॅम, डोळे मिटले होते मी."

"माहीत आहे मला. चल."

"कुठे?"

"तास नाही का तुझा? चल म्हटलं ना. पळू नकोस आणि मागे राहू नकोस. माझ्याबरोबर चाल."

तो चालू लागला. पाय एकमेकांत अडकत होते त्याचे. तिच्या मनात त्याच्याविषयी माया नव्हती. त्याचा हात दिसू नये म्हणून ती समोर बघत होती. रस्त्याच्या एका बाजूला विद्यापीठाची भिंत होती, दुसऱ्या बाजूला मोकळा चढ. पांढरी गाडी सुरू झाली आणि त्या मोकळ्या बाजूने त्यांच्या मागून सावकाश वर येऊ लागली.

वाटेत पोरांचे घोळके बाजूला होत होते. सारिगानांची लेक लोमालांच्या पोराबरोबर चालतेय, हे पाहून बोलणी थांबत होती.

"उद्या किती वाजता आहे तास?" तिने विचारलं.

"सकाळचा आहे, मॅम. रोज सकाळचाच."

"मी येईपर्यंत जीपमधून उतरू नकोस."

इंजिन आता अगदी जवळ आलं होतं. काच पूर्ण खाली गेली. कासानने तिला हाक मारली, लहानपणच्या नावाने, नंतर पुन्हा एकदा. ती वळली नाही. तिने जमायलच्या बाहीला धरून त्याला भिंतीकडे ढकललं, स्वतः रस्त्याच्या बाजूला आली आणि अमीनला त्या बाजूच्या खांद्यावर घेतलं. अमीनला गाडीत ओळखीचा मामा दिसला. तो आईच्या खांद्यावरून वाकून त्याला हसला आणि हसतच राहिला, चढ संपेपर्यंत.